तीन म्हणेपर्यंत

बिघडलेली वस्तू जगात कुठेही फक्त बदलून मिळते, दुरुस्त होते ती पुण्यातच, यावर ज्या माणसाची देवाहून जास्त श्रद्धा होती, त्याच माणसाने उभी हयात जर्मनीत काढली. श्टुटगार्टमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना पिकअपवाले काका म्हणायचो. नोकरी त्सुफेनहाउझेनला, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या मोटारी जिथे बनतात त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये. आणि स्वतःचं वाहन म्हणजे मागे उघडा हौदा असलेला एक जुना निळा पिकअप, जो उतारावरसुद्धा विचार करून धावायचा. दर दोन वर्षांनी काका पुण्याला जायचे तेव्हा त्यांच्या बॅगेत चॉकलेटं कमी आणि मोडक्या वस्तू जास्त असत. फ्रँकफर्टच्या विमानतळावर एकदा त्यांना बॅग उघडायला लावली. आत एक इस्त्री, मिक्सरचं भांडं, काकूंच्या चष्म्याची एक दांडी आणि एकेकच असे तीन बूट. "बाकीचे तीन कुठे आहेत?" असं त्या अधिकाऱ्याने विचारलं. "ते चांगले आहेत," काका म्हणाले. तपासणीच्या नोकरीत त्याने बरंच काही पाहिलं असेल, पण त्याने बॅग स्वतःच्या हाताने बंद करून दिली म्हणे.

मी सांगतेय त्या वर्षी याच बॅगेतून पिकअपची किल्लीही पुण्याला जाऊन आली होती. दोन किल्ल्यांपैकी एक काकांनी पुलावरून वाकून मासे बघताना नेकार नदीत पाडली. इथल्या वर्कशॉपने नवीन किल्लीसाठी गाडीचे कागद, पासपोर्ट आणि दोन आठवडे मागितले. "माझ्याच गाडीची किल्ली मागायला मी कोण ते आधी सिद्ध करायचं?" काका तडकले, आणि उरलेली किल्ली घेऊन विमानात बसले. पुण्यात टपरीवरच्या माणसाने चहा संपायच्या आत हुबेहूब दुसरी करून दिली. ही नवी किल्ली काकांनी खिशात बाळगली, आणि मूळची जपून ठेवायला काकूंकडे दिली. काकूंनी ती देवघराच्या खणात टाकली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जर्मनीत भाड्याचं घर मिळतं ते बहुतेकदा स्वयंपाकघराशिवाय. म्हणजे खोली असते, पण आत भिंतीतून आलेले दोन नळ आणि एक वायर. ओटा, कपाटं, सिंक, शेगडी, सगळं आपलं आपण आणायचं आणि घर सोडताना उचलून न्यायचं. त्यामुळे आमच्यातलं कोणीही घर बदललं की पहिला फोन काकांना. शनिवारी सकाळी काका हजर. अंगात निळा डगला, खांद्यावर दोराचं वेटोळं. दोर बांधायला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. पैसे विचारले तर रागवायचे. चहा चालायचा, आणि त्याबरोबर तुमच्या नव्या घराची मनसोक्त निंदा करायचा हक्क. "आल्झो, हे बघा, इथे फ्रीज ठेवलात तर तो वर्षात मरेल," असं आमच्या एका मित्राला त्यांनी सांगितलं आणि पाच जणांना कामाला लावून सगळी मांडणी उलटी करवली. फ्रीज तरीही वर्षात मेलाच, पण ते काकांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

आमची पाळी आली ती नेमकी पिकअप आजारी असताना. एक आजी वृद्धाश्रमात चालल्या होत्या, त्यांचं स्वयंपाकघर आम्ही घेतलं होतं आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत ते उचलायचं होतं. मी काकांच्या अंगणात गेले तर काका गाडीखाली, बाहेर फक्त पाय. पुण्याहून परतल्यापासून पिकअपने एक खोड धरली होती. किल्ली फिरवली की झकास सुरू व्हायचा, आणि तीन म्हणेपर्यंत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वरच्या मजल्यावरची शेजारीण बाल्कनीत उभी राहून मोठ्याने आकडे मोजायची, आणि तिसऱ्या आकड्याला इंजिन थांबलं की समाधानाने "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणायची.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला काकांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. इतके दिवस थंडीत उभा राहिल्याने पेट्रोल शिळं झालं असेल म्हणून टाकी रिकामी केली. फिल्टर बदलला, प्लग घासले, पंप बदलला, बॅटरी बदलली. स्टीलचा पेला इंजिनावर पालथा घालून त्याला कान लावून बसले. शेवटी स्वस्तातलं फोनकार्ड आणून पुण्याच्या मिस्त्रीला फोन लावला आणि बॉनेट उघडून आत फोन धरला. किल्ली फिरवायला मला बसवलं. मिस्त्रीने सात वेळा ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, रोग कळला. गाडी इकडे घेऊन या."

काकूंनी मात्र हात टेकले होते. दोन महिने गार जेवण आणि अंगणभर तेल. "येत्या शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय," त्यांनी माझ्यासमोरच जाहीर केलं. "तोपर्यंत चालू झाला तर झाला. अहो, ऐकताय ना?" गाडीखालचे पाय हलले नाहीत. काकू आत गेल्यावर काका सरपटत बाहेर आले आणि चाकाला टेकून बसले. मी म्हटलं, काका, जाऊ द्या, आम्ही भाड्याची व्हॅन बघू. तर म्हणाले, "तुला व्हॅन मिळेल गं. माझं काय? लेक म्युनिकला, फोन केला तर जर्मनमध्ये दोन वाक्यं. तुम्ही सगळे बोलावता, ते मला नाही, गाडीला बोलावता. ही गेली की माझा फोन वाजायचा बंद." तसं काही नाही हो, असं मी म्हटलं, पण ते मलाच खरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी मी देव पाण्यात घालून त्यांच्या अंगणात उभी. भंगारवाला आला. धिप्पाड, मिशाळ, कामाला चोख. कागद बघितले आणि म्हणाला, किल्ल्या सगळ्या द्या. काका खिशातली किल्ली मुठीत धरून उभेच होते, तेव्हा काकूच लगबगीने आत गेल्या आणि देवघरातली घेऊन आल्या. मूळच्या किल्लीला चांगलं हळदीकुंकू लागलेलं. भंगारवाल्याने बोट पुसलं, आत बसला आणि पिकअप सुरू केला. बाल्कनीतून मोजणी सुरू झाली. तीन झाले, दहा झाले, तीसच्या पुढे शेजारणीचा श्वास संपला आणि पिकअप आपला धडधडतोच आहे. मग त्याने काकांच्या हातातली किल्ली घेऊन लावली. तीन म्हणेपर्यंत बंद.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मूळच्या किल्लीच्या काळ्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते, असं त्याने समजावलं. ती दिसली नाही की गाडी दोन-तीन सेकंद चालते आणि मग चोर बसलाय असं समजून बंद पडते. पुण्याच्या किल्लीला दात होते, चिप नव्हती.

"म्हणजे दोन महिने माझी गाडी मला चोर समजत होती," काका म्हणाले. मग किल्ली उजेडात धरून निरखत, "पण दात बघ. एका झटक्यात फिरते. कारागिरी ती कारागिरी."

भंगारवाला काकूंकडे बघत होता. सौदा त्यांनी केला होता. मीही त्यांच्याकडेच बघत होते. काकूंनी एकदा तेलाच्या डागांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे. "आता उभे काय राहिलात," त्या म्हणाल्या, "हिचं किचन कोण आणणार?" भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. काकांनी त्या दिवशी इंजिन बंदच केलं नाही. आजींच्या दारात सामान चढवताना चालू, आमच्या दारात उतरवताना चालू. रस्त्यावरच्या साऱ्या खिडक्या उघडल्या, पण काका शीळ घालत दोर सोडत होते.

त्यानंतर पिकअप आणखी तीन वर्षं चालला. मग इथे दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी होते, तीत खालचा सांगाडा गंजलेला निघाला, आणि त्यावर पुण्याचाही इलाज नव्हता. काही आठवड्यांनी मी काकांना फोन केला आणि म्हटलं, रविवारी या.

"येतो ना. काय हलवायचंय?"

"काही नाही. जेवायला या."

काकांनी हळूच विचारलं, "नुसताच येऊ?"

एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने आले, काकूंना घेऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्या शर्टात मी त्यांना आधी ओळखलंच नाही. जेवताना एकदाही कपाटाची बिजागरी तपासली नाही की फ्रीजच्या जागेला नावं ठेवली नाहीत. दोनदा आमटी मागून घेतली आणि सावकाश जेवले. एवढ्या वर्षांत काका आमच्याकडे खुर्चीवर बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यांना बसा म्हणणारंही आजवर कोणी नव्हतं, हे मला त्यांच्या पानात भात वाढताना कळलं.