हमूद आणि पलीकडचा माणूस

आमच्या हैल गावात हमूद बिन थानीला ‘वादीचा सिंह’ म्हणतात. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिलेली आहे.

डोंगरात पाऊस पडला की गाव आणि शाळा यांच्यामधल्या वादीला, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्राला, पाणी येतं, रस्ता त्यात बुडतो, आणि शहाणी माणसं काठावर थांबतात. हमूद कधी थांबला नाही. तरुणपणी पिकअप घेऊन गेला, नंतर पाण्याचा टँकर घेऊन गेला, आणि आता बरीच वर्षं त्याची स्वतःची पिवळी बस आहे, शाळेच्या मुलांची. मुलं आत असली तर घोट्याएवढ्या पाण्यातूनच जातो असं तो शपथेवर सांगतो. मी याच बसने रोज शिकवायला जाते. त्याचा घोटा आणि माझा घोटा यांत बराच फरक आहे, एवढंच म्हणते.

बरं, नुसतं पार होऊन गप्प बसेल तर तो हमूद कसला! पलीकडे उतरायचं, डोक्याला गुंडाळलेला केशरी मुसर नीट करायचा, डावा हात कमरेवर ठेवायचा आणि उजवा डोक्यावरून गरागरा फिरवत इकडच्यांना हाका मारायच्या, “या, या! काही नाही हो, या!” आणि लोक जायचे. देवाची कृपा, म्हणून आजवर नुसत्या गाड्याच वाहून गेल्या.

माणूस मात्र लोण्याहून मऊ. कुणाचं मूल डबा विसरलं तर वाटेत चिप्स भरलेला पराठा घेऊन देणारा, आणि वाटेत दिसेल त्या म्हातारीला बसमध्ये घेऊन तिची बकरीसुद्धा वर चढवणारा. मुलं त्याच्यावर जीव टाकतात, आणि त्याचा मुलांवर किती जीव आहे ते यंदा कळलं.

यंदा शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात एक यंत्र आलं. मुलं ज्या खेळांत मोटारी पळवतात ना, तसलंच. खुर्ची, स्टिअरिंग, समोर तीन मोठे पडदे. पडद्यावर आपलीच वादी, आपलाच रस्ता, पाण्याची खूण दाखवणारे लाल-पांढरे खांब. खुर्ची खड्ड्यात आदळते, पाण्यात डुलते. मुलांची बस चालवणाऱ्या प्रत्येकाने या यंत्रावर पास व्हायचं. तीन संधी. नाही जमलं तर बस तुमची तुम्हाला लखलाभ, पण मुलं तीत बसणार नाहीत.

“मुलं नसली तर बस म्हणजे नुसता पत्रा,” हमूद मला म्हणाला. “पण मी नापास होईन होय? मी?”

पहिल्या खेपेला नापास झाला. पाणी आलं, पलीकडे एक माणूस हात फिरवून बोलावत होता, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, हमूदने गिअर टाकला. बस तिरकी झाली, वाहिली, पडदे काळे झाले आणि मधोमध अक्षरं आली, ‘पुन्हा खेळा’.

“मेल्यावर पुन्हा खेळा म्हणतंय!” हमूद भडकला. “गाढवाचं यंत्र! खऱ्या वादीत मी केव्हाच पार झालो असतो.”

दुसऱ्या खेपेलाही तेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ भिजूनही पीळ जाईना. केंद्रातली रय्या तिसरी तारीख देताना नुसती म्हणाली, “हमूदकाका, जरा बघा ना. नीट बघा.” ही रय्या हैलचीच. लहानपणी हिला गाडी लागायची म्हणून हमूद तिला पुढच्या सीटवर बसवायचा. पुढे मस्कतला जाऊन संगणकावरचे खेळ बनवायला शिकली, आणि हा खेळ तिनेच बनवलेला.

सरावाला म्हणून हमूद एकदा मधेच गेला, तेव्हा त्याची बायको झुवेना आणि मी बाजाराच्या निमित्ताने बरोबर गेलो. झुवेनाने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. यंत्र पाहून म्हणाली, “मी बसू का गं रय्या? मोडणार तर नाही?”

हमूद इतका हसला की त्याला ठसका लागला. रय्याने झुवेनाला बसवलं, ब्रेक कुठला ते दाखवलं. बस गोगलगायीसारखी निघाली. पाणी दिसलं. झुवेनाने ब्रेक दाबला, स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

“आता?” हमूद म्हणाला.

“आता काय? पाणी आहे.”

“अगं, तो माणूस बोलावतोय तुला!”

झुवेनाने पडद्यावर डोळे बारीक केले. केशरी मुसर, डावा हात कमरेवर, उजवा डोक्यावरून गरागरा. “याला मी चांगली ओळखते,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं मला असाच हात करून बोलावतोय. मी काय लगेच उठते?”

मी पाहिलं आणि मला हसू आवरेना. नाक तेच, उभं राहणं तेच. रय्या लाजून भिंतीकडे बघत होती. हमूद पडद्याजवळ गेला, अगदी नाक लागेल इतका. आपल्याला दोनदा बुडवणारा माणूस कोण ते त्याला तेव्हा दिसलं.

“मी असा दिसतो?” त्याने विचारलं.

“लहानपणी मी पुढच्या सीटवरून रोज बघायचे ना काका,” रय्या हळूच म्हणाली. “मला फार भीती वाटायची. पण तुम्हाला सांगायची त्याहून जास्त.”

पडद्यावरचं पाणी ओसरलं. झुवेना गोगलगायीसारखी पार झाली आणि पडद्यावर ‘उत्तीर्ण’ आलं. परत येताना गाडीत हमूद आरशात आपला मुसर पुन्हा पुन्हा बघत होता. झुवेना मात्र कांद्याच्या भावापासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळं बोलली.

आणि तिसऱ्या परीक्षेच्या दिवशीच वादी आली.

आमच्यावर आभाळ निळंभोर होतं, पाऊस वर डोंगरात झाला असणार. बस मुलांनी भरलेली. त्यांना शाळेत सोडून हमूदला तसंच केंद्रात जायचं होतं. पाणी तपकिरी होतं, पण खांबाच्या लाल खुणेच्या खालीच होतं. खरं सांगते, मलाही वाटलं की जाता येईल.

पलीकडे झुवेनाचा भाऊ खमीस उभा होता. त्याने हात फिरवायला सुरुवात केली आणि वर फोन लावला. “अरे ये की! गुडघाभरसुद्धा नाही. परीक्षा चुकली तर बस गेली बरं का तुझी! का बायकोने यंत्रात हरवलं म्हणून पाय कापतायत?”

हमूदने गिअरवर हात ठेवला. तो खमीसच्या हाताकडे बघत राहिला.

“गनियाबाई,” तो मला म्हणाला, “हा कुणासारखा दिसतोय?”

“मी कशाला सांगू, अबू मुंधिर?” मी म्हणाले. थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची आमच्याकडे रीत आहे.

“नको सांगूस.” त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या हातात कोंबली. “ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.”

त्याने दोनदा मागितली. मी दिली नाही.

तेवढ्यात मागून एक पिकअप बाजूने पुढे निघाली. हमूद खाली उडी मारून रस्त्यात आडवा उभा राहिला, पंजा पुढे करून. आतला पोरगेला ड्रायव्हर ओरडला, “काका, तुम्हीच तर मला शिकवलंत!”

“शिकवलं होतं. आता विसर!”

दोघांची चांगली जुंपली. ती चालू असतानाच वरून आवाज आला, आणि वादीच्या वळणावरून एक अख्खं बोरीचं झाड मुळांसकट आलं आणि रस्ता होता तिथून गडगडत निघून गेलं. लाल खुणा दिसेनाशा झाल्या. पोरग्याने पिकअपचं इंजिन बंद केलं. मुलं खिडक्यांना चिकटली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

खमीसचा पुन्हा फोन आला. “तिथेच थांब हं,” तो बारीक आवाजात म्हणाला.

मग काय, काठावर जत्रा भरली. कुणी खजूर काढले, कुणी हलव्याचा डबा, पोरग्याने पिकअपमधली चटई अंथरली. मी पाढे घ्यायचा प्रयत्न केला, पण कुणी दाद दिली नाही. हमूद मात्र घड्याळ बघत होता, आणि एका क्षणी बघायचं थांबला. परीक्षेची वेळ टळली होती.

मी बाजूला जाऊन रय्याला फोन लावला. “हमूद येत नाही गं.”

“का?” तिचा आवाज पडला.

“वादी आलीय. तो थांबलाय.”

ती नाक ओढत म्हणाली, “पुढची तारीख देते मी. असं कारण मला रोज कुणी तरी द्यावं.”

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच गेलो. हमूद खुर्चीत बसला. पाणी आलं, त्याने ब्रेक दाबला, आणि पलीकडे तो उभा राहिलाच, केशरी मुसरवाला, हात गरागरा फिरवत. यंत्रातल्या मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. हमूदचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. त्याने झुवेनाच्या पिशवीतला थर्मास मागितला, वाटीत कॉफी ओतली आणि वाटी पडद्यासमोर उंच धरली.

“अरे बाबा, तूच ये इकडे,” तो म्हणाला. “पाणी उतरलं की ये. मुलं आहेत बसमध्ये.”

पडद्यावरचा हमूद हात हलवत राहिला. खुर्चीतल्या हमूदने कॉफी पिऊन टाकली आणि वाटी झुवेनापुढे केली, आणखी ओत म्हणून.