लामदुआनची नाव दुकानात

रंगसितच्या कालव्यावर नावेतल्या शेवया कुठं खाव्यात असं कुणी विचारलं, की मी त्याला शेजारच्या लामदुआनकडे धाडते. तिनं जन्मभर नावेत बसूनच शेवया विकल्या. म्हातारपणी हलत्या नावेत तोल जायला लागला, तेव्हा तिच्या मुलानं, विचाईनं, काठावर दुकान थाटून दिलं. उंच ओटा, चकचकीत शेगडी. पण उभ्यानं तिचा हात चालेना. रश्श्याला दाटपणा आणणारं डुकराचं रक्त कमी पडे, आंबट जास्त. चार-चार वाट्या रिचवणारं गिऱ्हाईक एकीवरच उठू लागलं.

"आई, बंद करू या का दुकान?" विचाई म्हणाला.

"त्यापेक्षा माझी नाव आत आण."

"दुकानात नाव? लोक हसतील."

"हसू देत. तोंड उघडलं की शेवया घालायला सोपं."

दार काढून नाव आत घेतली, फरशीवर पक्की बसवली. लामदुआन आत मांडी घालून बसली आणि न बघता तिचा हात डावीकडं रक्ताच्या भांड्यावर गेला, उजवीकडं आंबटाच्या बाटलीवर.

पहिली वाटी विचाईनंच संपवली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.

"थांब जरा," ती म्हणाली, "आधी गिऱ्हाईकं."