चौकटीचं लुगडं

"पोरगं दारूनं गेलं, अन् तुमी दारूचं घर सजवून राह्यले," जनकाबाई तिसऱ्यांदा म्हणाली. नवं लुगडं तिच्या मांडीवर घडी न मोडता पडलं होतं.

त्या लुगड्यानंच सगळं उघड केलं होतं. चौकट उभी राहिली की मालकानं सुताराच्या बायकोला लुगडं पाठवायचं, ही जळगाव जामोदकडची जुनी रीत. तिचा नवरा इंद्रभान दोन महिने घरी सांगत होता, देवळाचं काम आहे. लुगडं घेऊन आलेला माणूस मात्र सहज बोलून गेला की पुढल्या महिन्यात बार सुरू होतोय.

खामगावच्या वाटेवर एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात त्या बारची इमारत होती. कपाशीसाठी आलेल्या इंग्रज साहेबांनी आपल्या मुलखातल्या पबसारखी बांधलेली. बर्फ घसरावा म्हणून उभट छप्पर, जिथं गाराही क्वचित पडतात. भिंतीत सागाच्या काळ्या तुळया, मधे चुना. आत लांब कट्टा आणि त्यावर डोळ्यांच्या उंचीला नक्षीदार काचेच्या बारा झडपा, खुंटीवर फिरणाऱ्या. पेला भरणाऱ्याला पिणाऱ्याचा चेहरा दिसू नये, नुसते हात दिसावेत, एवढ्यासाठी.

त्या झडपा इंद्रभानचा बाप कडूबा दुरुस्त करायचा. त्याच्याकडून इंद्रभान खिळ्यावाचून सांधे शिकला. पुढं तिथं सरकीची पोती पडली आणि इंद्रभानच्या वाट्याला प्लायवूडची कपाटं आली. सहासष्टाव्या वर्षी हातात पुन्हा जुना साग आला, तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. अकरा झडपा बसल्या होत्या. एक राहिली होती.

तो एवढंच म्हणत राहिला की आपलं काम लाकडाचं, तिथं कोण काय पितो ते आपल्याला काय करायचं.

"हेच गणेशच्या वक्ती म्हणत होते तुमी," जनकाबाई म्हणाली. "काम करते ना पोरगा, मंग झालं."

सून रेणुका चुलीपाशी होती. गणेशला जाऊन दोन वर्षं झाली, पण सासऱ्यापुढं ती त्याचं नाव काढत नसे. आज पीठ मळता मळता, मान वर न करता बोलली.

"मामाजी, रंधा मारताना त्यायचे हात थरथरत. ते तुमाले रोज दिसे. तोंडाकडं काऊन नाही पाह्यलं एक डाव?"

इंद्रभाननं आपल्या बोटांतला लाकडाचा भुसा धोतराला पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला. मग उठून त्यानं बायकोच्या मांडीवरचं लुगडं उचललं आणि हत्यारांच्या पिशवीत वरच ठेवलं.

"उद्या पह्यल्या गाडीनं हे वापस करतो," तो म्हणाला. "बारावी झडप मी बसवणार नाही."