अक्काला आणायला मोटरबोट

आमच्या घराण्यात आजवर कोणीही बुडून मेलेलं नाही, कारण आमच्या घराण्यात आजवर कोणी पाण्यात उतरलेलंच नाही. आम्ही केळीवाले. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे ठिबकची नळी येते. नळीतून थेंब येईनासा झाला तर आधी कुठे तुंबलंय ते बघायचं, एवढं शहाणपण आमच्याकडे घरच्या मांजरालाही असतं. हे शहाणपण मी होडीत चढताना काठावर कसं ठेवून आलो, त्याची ही हकीकत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी गेलेली लेक माहेरी येते. तिला आणायला भाऊ जातो. त्याला म्हणायचं मुऱ्हाळी. त्या वर्षी मात्र आमच्या अक्काने फोनवरच सांगून टाकलं, "आई गेली. आता कुढलं माहेर? आन् जीपमधी बसलं का माझ्या कमरेचे तुकडे पडता. मी नही येत."

कमरेचं खरं होतं. तिच्या गावाहून आमच्या गावाला यायचं तर धरणाच्या पाण्याला मोठा वळसा. त्या रस्त्यावर डांबर शोधावं लागतं, खड्डे आपोआप सापडतात. पण त्या आखाजीला आईच्या नावाची पहिली घागर (आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात) भरायची होती, तीही दुपारच्या आत. थोरले बंधू नाना हट्टाला पेटले. "घागर अक्काच्याच हातानं भरन. रस्त्यानं नही येत ना? पाण्यावरून आणतो!"

आणि नानांनी मोटरबोट घेतली. बोट म्हणजे एका मासळीच्या ठेकेदाराची जुनी फायबरची होडी, आणि मोटर म्हणजे तिच्या मागच्या फळीला लटकवलेलं एक टू-स्ट्रोक यंत्र. वयाने माझ्याहून थोडं धाकटं, आवाजाने मोठं. पेट्रोलची लाल प्लॅस्टिकची टाकी होडीत वेगळी ठेवलेली. तिच्यातून मोटरला एक नळी. नळीच्या मध्ये एक रबरी फुगा, रक्तदाब बघताना डॉक्टर दाबतात तसा. तो दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. टाकीच्या झाकणाला वर एक बारीक भोक. ते कशासाठी हे ठेकेदाराने सांगितलं नाही, नानांनी विचारलं नाही, आणि मी पाहून मनात म्हटलं, 'बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा!'

(इथे सांगायला हवं की मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हवेचा दाब हा माझ्या विशेष आवडीचा धडा आहे.)

आखाजीच्या सकाळी मी पिंप्राळ्याहून स्कूटर काढली, नशिराबादला चहा घेतला आणि नानांच्या गावी पोचलो. काठावर मिरवणुकीची तयारी दिसत होती. होडीच्या तोंडाला केळीचे दोन खांब पानांसकट बांधलेले. झेंडूच्या माळा. आत गादी, तक्क्या, आणि अक्कासाठी प्लॅस्टिकची खुर्ची.

"नाना, वल्ही कुठं आहेत?"

"काढून ठेवली."

"का?"

"मशीन असताना वल्ही ठेवली तर लोक काय म्हणतीन? का याहीचा मशीनवर भरोसा नही!"

मग पूजा झाली. मोटरला हार. नारळ फोडला, त्याचं पाणी प्लगवर उडालं. शेवटी नानांनी तुपात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि टाकीच्या झाकणावर स्वस्तिक काढायला वाकले. माझ्यातला शास्त्रज्ञ खडबडून जागा झाला.

"नाना, थांबा! त्या भोकातून कुंकू पेट्रोलमध्ये गेलं तर कारबोरेटर तुंबेल!"

"देवाचं कुंकू हाये, बाळू. नही तुंबत."

"कारबोरेटरला देव कळत नाही, नाना."

मी पिशवीतून एक जाड, धुतलेली, दुधाची रिकामी पिशवी काढली (आमच्या घरी अशा पिशव्या फेकणं पाप आहे), ती झाकणावर ताणून बसवली, आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने करकचून बांधली. "आता काढा स्वस्तिक. श्रद्धाही राहील, शास्त्रही राहील." नानांनी पिशवीवर स्वस्तिक काढलं. मी स्वतःवर फारच खूश होतो.

मोटर दोन झटक्यांत सुरू झाली. काठावरची माणसं लहान होत गेली. नाना सुकाणू धरून असे बसले होते की समोर कोणी राज्य आयतं काढून ठेवलंय आणि फक्त जाऊन घ्यायचं बाकी आहे. तेवढ्यात मोटरने उसासा टाकला, खोकली आणि गप्प झाली.

"पेट्रोल संपलं का?" नानांनी रबर काढलं, पिशवी काढली, झाकण उघडलं, आत डोकावले. टाकी जवळजवळ भरलेली. त्यांनी आत बघून हात जोडले. "नाराज होऊ नको, माय." झाकण लावलं. मी मागोमाग पिशवी ताणून बसवली. दोरी ओढली, मोटर सुरू!

"पाह्यलं? दर्शन घेतलं, चालली!"

"योगायोग," मी म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा बंद. पुन्हा नानांनी पिशवी काढून, झाकण उघडून दर्शन घेतलं, मी पिशवी बांधली, मोटर सुरू. पलीकडचा काठ येईपर्यंत हा योगायोग इतक्या वेळा झाला की एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत त्याचा निष्कर्ष 'योगायोग' असा लिहिला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

अक्का काठावर उभी होती. येणार नाही म्हणणाऱ्या अक्काचं बोचकं बांधून तयार होतं, हातात सांजोऱ्यांचा डबा होता. केळीचे खांब, झेंडू, गादी, खुर्ची, सगळं तिने नीट पाहिलं आणि विचारलं, "माले न्यायले आले का गणपती बुडवाले?"

पण चढताना तिने पदर डोळ्यांना लावला. नाना पाण्याकडे बघत राहिले. मी टाकीवरचं रबर आणखी एक वेढा देऊन घट्ट केलं.

परतीच्या वाटेवर, बरोबर मधोमध, मोटर बंद पडली. नानांनी सवयीने टाकीकडे हात नेला.

"नाही!" मी म्हणालो. "आता दर्शन बंद. दर वेळी उघडताय, दर वेळी कुंकू आत पडतंय, म्हणून तर ती बंद पडतेय. आता पद्धतशीर तपासू."

"तुले येतं का?" अक्काने विचारलं.

"अक्का, मी फिजिक्स शिकवतो."

"ते ठाऊक हाये. तुले येतं का, ते इचारू राह्यली."

मी प्लग काढला, पुसला, फुंकला, लावला. काही नाही. नळी कुठे दबलीय का पाहिलं, तर अक्काच्या खुर्चीचा पाय नळीवर होता! मी विजयी मुद्रेने खुर्ची सरकवली. तरी काही नाही. रबरी फुगा दाबला. तो दबला आणि चपटाच राहिला, रुसलेल्या जावयासारखा. मी आणखी दाबला, तो आणखी रुसला.

"ही टाकी काऊन अशी झाली रे?" अक्का म्हणाली. "गालफडं आत गेली हिची. सकाळी अशीच होती का?"

टाकीच्या दोन्ही बाजू खरंच आत ओढल्या गेल्या होत्या. आता हे लक्षात घ्या की दर वर्षी मी वर्गात पत्र्याचा डबा तापवतो, झाकण घट्ट लावतो, थंड करतो, आणि डबा पोरांच्या डोळ्यांदेखत आत चेपला जातो. पोरं टाळ्या वाजवतात. मी फळ्यावर आकृती काढतो. तोच प्रयोग लाल प्लॅस्टिकमध्ये, माझ्या गुडघ्यापाशी, फुकट चालू होता. मी गंभीरपणे म्हणालो, "उन्हाने आकसलीय."

"उन्हानं तं फुगतं ना रे?"

"प्लॅस्टिकचं वेगळं असतं."

आणि उन्हापासून संरक्षण म्हणून मी माझं उपरणं पाण्यात भिजवून टाकीवर घातलं. टाकी आणखी खंगली.

होडी संथपणे गोल फिरत होती. दूरवर दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी आधी उजव्या हाताला होती, मग समोर आली, मग डाव्या हाताला गेली. ऊन डोक्यावर चढत होतं. घागरीची वेळ जवळ येत होती. नानांनी केळीच्या पानाने वल्हवून पाहिलं. पानाच्या चिंध्या झाल्या, होडी जागची हलली नाही. मघाचं राज्य आता त्यांच्या चेहऱ्यावरून पार उतरलं होतं.

"आईची पहिली घागर," ते हळूच म्हणाले. "आन् आपण तिघं पोरं इथी पाण्यात."

मला खरोखर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस जुन्या ज्ञानाकडे वळतो. मला माझी जुनी स्कूटर आठवली. पेट्रोल पोचत नसलं की तिला एका अंगावर तिरपी करायची. तीही टू-स्ट्रोक, हीही टू-स्ट्रोक!

"सगळे उजवीकडे सरका!" मी ओरडलो. "होडी तिरपी करायची! एक, दोन..."

आम्ही तिघं एकदम उजव्या कडेला गेलो. होडी आज्ञाधारकपणे तिरपी झाली, आणि धरणाचं पाणी गादीवर, तक्क्यावर आणि अक्काच्या बोचक्यावर आलं.

"मेले व माय! माझ्या गोया!" अक्काच्या रक्तदाबाच्या गोळ्या बोचक्यात वरच होत्या. तिने त्या उचलून धरल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि तिची नजर टाकीवर पडली. "इतकी चांगली पिशवी आन् कुढी बांधली पाहा याने!" तिने उपरणं फेकलं, रबर ओढलं, पिशवी काढली, झटकली, गोळ्या आत टाकल्या आणि गाठ मारली.

झाकणाच्या भोकातून 'स्सस्स' असा आवाज आला. मग टाकीने 'टॉक्!' केलं आणि तिची गालफडं जागच्या जागी परत आली.

त्या एका 'टॉक्' मध्ये मला माझी अख्खी नोकरी दिसली. पत्र्याचा डबा दिसला, फळा दिसला, टाळ्या ऐकू आल्या. पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. हवा त्या भोकातून येते. आणि भोक मी बांधून टाकलं होतं. ट्यूबच्या रबराने. जादा वेढा देऊन!

मी फुगा दाबला. तो टम्म झाला. नानांनी दोरी ओढली आणि मोटर अशी सुरू झाली की जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"माझ्यामुळे बंद पडत होती," मी लगेच सांगून टाकलं. "ती पिशवी! आत हवा जात नव्हती. नाना, तुम्ही दर्शनाला झाकण उघडत होता तेव्हा हवा जायची, म्हणून ती चालायची. मी परत बांधायचो, परत बंद. सगळी चूक माझी!"

नाना हसले. लहानपणी मी ताप असताना काहीतरी बरळलो की हसायचे तसे. "आसं कुढी असतं का? दुधाच्या पिशवीनं मशीन बंद पडतं? दर्शन घेतलं नही म्हणून रुसली होती. अक्कानं झाकणाले हात लावला, मानली."

"नाना, वातावरणाचा दाब..."

"बस खाली. शिकेल-सवरेल माणसाले ऊन लवकर लागतं."

जन्मभर मी पुरावा मागत आलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पक्का पुरावा होता, तो माझ्याच विरुद्ध होता, आणि तो घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी अक्काकडे पाहिलं. ती सांजोरी खात काठाकडे बघत होती.

आम्ही पोचलो. झेंडू भिजलेले, केळीच्या पानांच्या झिरमिळ्या, गादीतून पाणी ठिबकतंय, आणि वहिनी काठावर भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी. घागर वेळेत भरली गेली. अक्काने भरली. भरताना ती आईशी काहीतरी पुटपुटली. मला एवढंच ऐकू आलं, "...आणलं मले दोघाईनं. कसं आणलं ते नको इचारू." मग खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, आणि झोक्यावर बसून अक्काने कमरेचं दुखणं विसरून दोन गाणी म्हटली. नाना ओसरीवरून ऐकत होते. आमचं माहेर (भावांनाही एक माहेर असतंच) त्या दिवशी आम्हाला परत मिळालं.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी अक्काचा फोन आला. आपणहून.

"बाळू, मुऱ्हाळी येऊ राह्यले ना यंदा?"

"येतोय की. नानांनी मोटर धुऊन ठेवलीय. वल्हीही घेतलीत. आणि अक्का, काळजी करू नकोस, मी टाकीला हातसुद्धा लावणार नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "पिशवी काढली आन् मशीन चालली, मले काय दिसलं नही का रे? पण नानाचं तोंड पाह्यलं, म्हटलं जाऊ दे, दर्शन त दर्शन. आयक, एक काम करजो. ते पाणी पार करासले किती येळ लागतो? बसलं न उतरलं. मांग बंद पडली तं आपण तिघं भावंडं कितीक वर्सानं एका जागी बसलो. म्हणून म्हणते, यंदा बी बांधजो पिशवी. मधोमध थोडं थांबू."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन दुधाच्या पिशव्यांतली सगळ्यात जाड पिशवी निवडायला बसलो. इतकी वर्षं शिकवतोय, पण माझ्या फिजिक्सला कोणी इतक्या आग्रहाने बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती.