गोदाआत्याचं तपेलं

ॲडमिननी परवा विचारलंय, साइटवरचे जुने धागे आणि वर्षानुवर्षं इकडे न फिरकलेल्या सभासदांची खाती उडवायची का. "उगाच जागा अडते," असं लिहिलंय त्यांनी. ते वाक्य वाचलं आणि माझ्या नाकात तो वास पुन्हा आला... म्हणून हे लिहिते आहे.

आधीच सांगते, भूत-पिशाच, करणी-बिरणी असल्या गोष्टींना मी जन्मात भीक घातलेली नाही. उताऱ्याचा नारळ दिसला तर फोडून खोबरं खाणारी बाई आहे मी. पण हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि नाकाने जास्त.

माझं माहेर कर्जत तालुक्यात, कळंबच्या अलीकडे. भातशेतीचं गाव. साल सत्त्याहत्तर, वैशाख महिना, आणि लग्न माझंच. वऱ्हाड चौक गावाहून येणार होतं आणि सासरे मानपानाला भलते कडक. आदल्याच वर्षी त्यांनी कुणाच्या तरी लग्नात भाजी आंबली म्हणून भरल्या पानावरून माणसं उठवली होती. त्यामुळे आई आठवडाभर डाळ-तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत होती. जेवण बिघडलं तर वरात रिकामी परत जायची, आणि मग मला कोण करून घेणार?

गावकीची लग्नाची भांडी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत असायची. प्रत्येक भांडं कुणी ना कुणी दिलेलं, त्यावर त्याचं नाव घातलेलं, आणि आम्ही भांड्याला माणसाच्याच नावाने ओळखायचो. "सखाराम घासला का?" म्हणजे सखारामने दिलेला हंडा. सगळ्यांत मोठं भाताचं तपेलं म्हणजे गोदाआत्या. लहानपणी मला वाटायचं, गोदाआत्या नावाची बाई एवढी गोलच असणार.

खरी गोदाआत्या मी जन्मायच्या आधीच वारली होती. गावचीच लेक, लग्नानंतर लगेच नवरा गेला म्हणून माहेरी आलेली. विधवा, म्हणून तिला कधी कुणी हळदीला बोलावलं नाही. तिने पाटल्या मोडून ते तपेलं घेतलं आणि गावकीला देताना एकच अट घातली... भांडं बाहेर काढताना मला नावाने बोलवा. म्हणून रीतच पडली. लग्नघरची बाई खोलीत जायची, भांड्याला हळदकुंकू लावायची आणि म्हणायची, "गोदाआत्ये, चल गं, लगीन हाय." मग तीच रीत सगळ्या भांड्यांना लागू झाली.

आता दत्तूकाका. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावकीचे नवे पुढारी. पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया, आणि मनात स्वतःशिवाय दुसरं काही नाही. त्यांनी बैठकीत काढलं, की जी माणसं मेली किंवा गाव सोडून गेली, त्यांची नावं भांड्यांवर कशाला? नाव असं अडून राहिलं तर आताच्या माणसांनी आपली नावं घालायची कुठे? माना हलवणाऱ्यांनी माना हलवल्या. काकांनी सुरुवात त्या तपेल्यापासूनच केली. कानस मारून गोदाआत्याचं नाव काढलं आणि त्या जागी स्वतःचं घालून घेतलं! एक दमडी न देता. मला तर तेव्हाच शिसारी आली होती. हिने पाटल्या मोडल्या, आणि मिरवणार हा.

लग्नाच्या सकाळी काकांनी तपेलं स्वतः चुलीवर चढवायला लावलं. त्यांच्या नावाचा पहिला मान म्हणे. बोलावणं वगैरे काही नाही. आईने विचारलं तेव्हा हसले, म्हणाले आता त्यावर माझं नाव हाय, मी हितंच हाय.

तांदूळ आमच्याच शेतातला, जुना, सुवासिक. पाणी आमच्याच विहिरीचं. भांड्यांना कल्हई चार दिवसांपूर्वी एकाच माणसाने, एकाच बैठकीत केलेली. शेजारच्या चुलीवर सखारामच्या हंड्यात वरण छान उकळत होतं. इकडे तपेल्यावरचं झाकण काढलं आणि... शी! आजही लिहिताना घशाशी येतंय. माळ्यावर घूस मरून सडावी तसा वास. भात पिवळट, बुळबुळीत. मावशीने शीत चेपून पाहिलं तर बोटांना तार सुटली. तासाभरापूर्वी धुतलेला तांदूळ! दोन बायका तिथेच ओकल्या. मी हळद लावलेल्या अंगाने नाकाला पदर लावून बघत उभी. सगळा भात मागच्या खाचरात नेऊन ओतला. कुत्री धावत गेली, हुंगलं, आणि पायांत शेपटी घालून परत आली.

काका म्हणाले, बायकांनी तांदूळ नीट धुतला नसेल. असा माणूस!

घरात आणखी एका तपेल्यापुरताच तांदूळ उरला होता, आणि वऱ्हाडाचा टेंपो फाट्यावर आल्याचा निरोप आला. आईने तपेलं चिंचेने घासून घेतलं, आपली कुंकवाची कोयरी आणली आणि काकांच्या नावाच्या बाजूला, जिथे कानशीचे ओरखडे होते, तिथे हळदकुंकू लावलं.

"भावजी, ती एवढंच मागत होती रं," आई म्हणाली. मग भांड्याकडे वळून हळू आवाजात, "गोदाआत्ये, चुकलं गं आमचं. चल, माझ्या पोरीचं लगीन हाय."

भात झाला. मोकळा, पांढरा, आणि वास असा, की सासऱ्यांनी स्वतः मागून वाढून घेतला. मी वाचले.

पण काका पंगतीला बसले, पहिला घास तोंडात घातला आणि पानावरच भडभडून ओकले. शेजारी माझा मामेसासरा त्याच भाताचं बोट चाटत होता. त्या दिवसानंतर काकांना भात म्हणून खाता आला नाही. भाताच्या गावातला माणूस, स्वतःची खाचरं असलेला, मरेपर्यंत भाकरीवर राहिला. कुठे भात शिजला तरी नाकाला टॉवेल लावायचे. डॉक्टर झाले, देव झाले, गुण नाही. आणि एवढं होऊन चूक कबूल केली असेल तर शपथ! उलट वैनीनं कायतरी कालवलं, असं गावभर सांगत फिरले. त्याचीच मला जास्त किळस येते.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पाणी, कल्हई, तांदूळ, सगळा विचार करून झाला. कुठेच काही जुळत नाही.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाला माहेरी गेले होते. काकांच्या मुलांनी जमीन रिसॉर्टवाल्याला विकली, आता गावात त्यांचं कुणी नाही. भांड्यांच्या खोलीत माझा भाचा ग्राइंडर घेऊन उभा. गावकीचं तोच बघतो. मला म्हणाला, "आत्या, हा दत्तू कोन गं? काढून टाकतो, उगाच जागा अडते."

अगदी जिभेवर आलं होतं, काढ मेल्याला.  पण मी भाच्याच्या हातातून ते यंत्र काढून घेतलं आणि कुंकू मागितलं.

"गोदाआत्ये, चल गं," म्हटलं. आणि मग, तोंड वाकडं करून का होईना, "दत्तूकाका, तुमीपन चला. लगीन हाय."

भात चांगला झाला. मी मात्र पहिला घास आधी हुंगला, मगच खाल्ला.