विहीणबाईंचा वाढता कागद

माझ्या विहीणबाईंच्या हाताजवळ आलेली एखादी वस्तू जशीच्या तशी राहिली, असं उदाहरण दिंडोरीपासून पंचवटीपर्यंत शोधूनही सापडायचं नाही. त्यांचा जन्म गेला द्राक्षबागेत, आणि त्यातही घड विरळायचं काम हातात बसलेलं. घडात मणी दाटीने लागले की कात्रीने बरेचसे काढून टाकायचे, म्हणजे उरलेले टपोरे होतात. बाईंनी हा नियम साऱ्या सृष्टीला लावला आहे. आमच्याकडे आल्या की सकाळी माझ्या आंघोळीआधी तुळस विरळलेली असते. पडद्यांच्या झालरीतले गोंडे एकाआड एक नाहीसे होतात. एकदा तर त्यांनी माझे देव विरळले. तीन गणपतींपैकी दोन फडक्यात गुंडाळून कपाटात! मी ओरडले, तर शांतपणे म्हणाल्या, "अवो, दाटी झाली का एकाला बी निवद नीट पोचत नाय." भाजीबाजारात द्राक्षांच्या हातगाडीशी त्यांना उभं करण्याची तर सोयच नाही. विकणारा भाव सांगत असतो आणि या बाई त्याच्याच घडातले मणी खुडत त्याला ऐकवत असतात, "कोनी विरळलं रं हे? लय घाई व्हती का त्याला?"

आमची पहिली भेट माझ्या मुलाच्या लग्नातली. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! नवी पैठणी, गळ्याला पट्टा लावल्यासारखी ताठ मान, आणि आज नेमकं कशावरून रुसावं याचा पहाटेपासून चाललेला विचार. वरमाय म्हणून तो माझा हक्कच होता. विहीणबाईंनी माझे पाय धुतले, उठल्या आणि माझ्या गजऱ्यातली सुकलेली फुलं निवडून काढू लागल्या. भर मांडवात! मला कारण मिळालं. पंगतीत मी ताटाला हात लावला नाही आणि समजूत काढायला कोण येतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत बसले. कुणाचं लक्षच नव्हतं. भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा या बाई आल्या, माझ्या पानातल्या तीन जिलब्यांपैकी एक उचलली आणि म्हणाल्या, "तीन लय व्हत्या. आता खा." मी मुकाट्याने दोन खाल्ल्या. तिसरी त्यांनी माझ्यासमोर खाल्ली, तिचं दुःख अजून आहे.

अशा या बाईंचं घर गेल्या पौषात एकाएकी रिकामं झालं. व्याही सकाळी बागेला पाणी सोडायला गेले आणि तिथेच कोसळले. बाई रडल्या नाहीत. सूनबाई त्यांना चार दिवस म्हणून नाशिकला घेऊन आली, आणि ते चार दिवस लांबतच गेले. दिवसभर बोलायच्या, हसायच्या, माझी टर उडवायच्या. पण नवऱ्याचं नाव नाही आणि बागेचा विषय नाही. झोप पार उडाली होती. माझ्या लोकरीच्या शालीचे दोरे ओढून ओढून त्यांनी तिचा पंचा करत आणला होता. दिंडोरीहून दिराचा फोन यायचा, "वहिनी, दसऱ्याच्या आत काय ते सांगा. गोडी छाटणी तुम्ही करताय, का बाग वाट्याने देऊन टाकू?" गोडी छाटणी म्हणजे पावसाळा सरल्यावरची, जिच्यावर पुढचं फळ धरतं ती. बाई फोन माझ्या हातात कोंबायच्या, "मला काय ऐकू येत नाय. तुम्हीच बोला." ज्यांना माझ्या ताटात कमी पडलेलं मीठ पलीकडच्या खोलीतून कळायचं, त्यांना ऐकू येत नव्हतं.

शेवटी सूनबाईने आर्ट थेरपी शोधून काढली. आम्हा दोघींना ती त्र्यंबकेश्वरी करतात त्या ग्रहशांतीसारखीच वाटली. पत्रिकेऐवजी चित्र दाखवायचं, समोरच्याने दोष सांगायचा आणि शांत करायची, एवढाच काय तो फरक. म्हणून विहीणबाईंनी गहू, गूळ आणि नारळ असा शिधा बांधून घेतला आणि रिक्षात मी त्यांची शिकवणी घेतली. मी इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेली बाई. सी ग्रेड मिळाली होती, घरी बी सांगितली होती, आणि पन्नास वर्षं झाली तरी अजून बीच चालू आहे. मी त्यांना बजावलं, "काय वाटेल ते काढा, पण काळ्या खडूला हात लावायचा नाही. काळं दिसलं की ते लोक लगेच गोळ्या चालू करतात."

गंगापूर रोडवर एका बंगल्याच्या माडीवर ती खोली. मोठं टेबल, खडू, रंग, माती, कात्र्या. आणि कोपराला हिरवा रंग लागलेली एक तरुण मुलगी. तीच थेरपिस्ट. तिने शिध्याला नमस्कार केला आणि तो आमच्याकडेच ठेवला. मग झोप, जेवण, इथे येऊन काय व्हावंसं वाटतं, असं बरंच सावकाश विचारलं. म्हणाली, "चित्र येत नसलं तरी चालतं. इथे मार्क नाहीत. चित्राचा अर्थ मी सांगणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा. काही करावंसं वाटलं नाही तर नुसतं बसा. इथलं बोलणं मी बाहेर नेणार नाही, तुमच्या मुलीलासुद्धा सांगणार नाही. आणि एका भेटीत काही होत नाही, वेळ लागतो." मी सोबत बसले तर चालेल का, हेही तिने त्यांनाच विचारलं. "बसू द्या," विहीणबाई उदारपणे म्हणाल्या, "घरी तरी काय करतीन?" आणि माझ्या कानाशी लागल्या, "पोरगी बरी हाये. गप बसती. तुम्हाला जमलं नसतं."

मी पर्समधून पट्टी काढली आणि दोन डोंगर, मधून सूर्य, चार पक्षी, एक झोपडी असं निर्दोष चित्र तासाभरात उरकलं. "किती मिळाले?" मी विचारलं.

"काढताना कसं वाटलं, आजी?"

"ते असू दे. ए की बी एवढंच सांग."

ती हसली. ग्रेड काही मिळाली नाही.

दर गुरुवारी जायचं ठरलं, पण विहीणबाई बरेच गुरुवार कागदाकडे फिरकल्याच नाहीत. मातीचे मणी वळायच्या, सारे एका मापाचे, ओळीने मांडायच्या आणि त्यातले निम्मे काढून टाकायच्या. मला वाटलं, हे तर आपल्या घरीही फुकट चाललं होतं. मग आषाढातल्या एका गुरुवारी त्यांनी कागद ओढला आणि थेट काळा खडू उचलला. मी खोकले. टेबलाखालून पाय मारला. तो त्या मुलीला लागला. बाई आपल्या आडव्या रेषा ओढतच होत्या, एकाखाली एक, काळ्याकुट्ट.

"या रेषांबद्दल काही सांगावंसं वाटतं का?" त्या मुलीने पाय चोळत विचारलं.

"ठिबकच्या नळ्या हायेत. काळ्याच राहत्या. या आमच्या विहीणबाईंना ईचारा, त्यांना गुलाबी पायजे व्हत्या."

बोलता बोलता रेघ कागद ओलांडून टेबलावर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मुलगी मात्र फक्त म्हणाली, "दुसरा कागद देऊ?"

आणि तिथून तो कागद वाढायला लागला. दर गुरुवारी नवे कागद, मागच्याला चिकटपट्टीने जोडलेले. टेबल पुरेना म्हणून जमिनीवर आले. विहीणबाई पदर खोचून गुडघ्यांवर रांगत बाग लावायच्या आणि इंटरमीजिएट पास मी चिकटपट्टी धरून मागे मागे. वेली झाल्या, विहीर झाली, म्हशीसारखा दिसणारा ट्रॅक्टर झाला. "म्हैस छान जमली," मी म्हटलं, तर आठवडाभर माझ्या चहात साखर नव्हती. फक्त बागेच्या तोंडाशी, जिथून पाणी सोडतात, तिथला एक कागद कोराच होता. बाई त्याला वळसा घालून पुढे सरकायच्या. एकदा माझ्या तोंडावर प्रश्न आला होता. त्या मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प राहिले. सूनबाईचा यावर अजून विश्वास बसत नाही.

भाद्रपदात एके दिवशी विहीणबाई त्या कोऱ्या कागदासमोर जाऊन बसल्या. मग काळ्या खडूने पाण्याचा कॉक काढला आणि त्याच्याशेजारी पायताणांचा एक जोड. "ह्यांच्या चपला," त्या म्हणाल्या. "पानी सोडताना काढून ठेवायचे. भिजत्या म्हनून. कितींदा सांगितलं, काटा रुतंल. त्या दिवशी बी तिथंच व्हत्या." आणि मग जे आठ महिने आलं नव्हतं ते आलं. गळा काढून, बंगला हलेल असं रडल्या. ती मुलगी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. थांबा म्हणाली नाही, पाणी आणते म्हणाली नाही. माझ्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली गेली होती, डोळे पुसायचीही सोय नव्हती. मीही रडत होते हे बाईंना दिसलं तेव्हा त्या हुंदका गिळून म्हणाल्या, "तुम्ही कामून रडता? नवरा माझा व्हता."

मग त्यांनी नाक पुसलं आणि त्या चपलांच्या शेजारी आणखी एक जोड काढला, जरा लहान. "ह्या माझ्या."

घरी येताना रिक्षातूनच त्यांनी दिराला फोन लावला. उत्तम ऐकू येत होतं. "छाटणी मी करनार. कात्र्यांना धार लावून ठेवा. आन् वाट्याचं नाव काढू नका."

दसऱ्याच्या आधी त्या दिंडोरीला परत गेल्या. ती कागदाची बाग गुंडाळली तर सतरंजीएवढी झाली. मुलाने ती गाडीच्या टपावर बांधली. निघताना त्यांनी माझ्या अंबाड्याकडे हात नेला, एक पांढरा केस उपटला आणि म्हणाल्या, "या छाटणीला. कात्री देईन तुम्हाला. बोथट."

आता तुळस माजली आहे. पडद्यांना मी नवे गोंडे लावले, ते सगळेच्या सगळे जागेवर आहेत. कपाटातले गणपती बाहेर काढून मांडले, दोन दिवस पाहिले आणि परत फडक्यात ठेवून दिले. खरंच दाटी होत होती.

गुरुवारी मात्र मी एकटीच माडी चढून गेले. पट्टी घरी राहिली होती. डोंगर काढायला बसले आणि निघाली एक बुटकी बाई, पदर खोचलेली, हातात कात्री. हात अंगापेक्षा मोठा झाला. इंटरमीजिएटला असा काढला असता तर सीही मिळाली नसती. तो हात लांबत लांबत कागदाच्या कडेला जाऊन थांबला.

"दुसरा कागद देऊ, आजी?"

"दे," मी म्हटलं. "दिंडोरीपर्यंत जायचाय."