न वाचता सुचवलेलं पुस्तक

नाताळला पुस्तक भेट द्यायची खोड मला शाळेनं लावली. मी तीस वर्षं ग्वाल्हेरच्या ज्या शाळेत हिंदी शिकवलं ती मिशनरी शाळा होती. डिसेंबरात स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या टाकायच्या आणि जिचं नाव निघेल तिला भेट द्यायची. कपांचे सेट, फुलदाण्या, लक्ष्मीची काचेत बसवलेली चित्रं. एका वर्षी मीच दिलेला ट्रे फिरत फिरत माझ्याकडे परत आला, तेव्हा मी चिडून जाहीर केलं की यापुढे माझ्या वाट्याला जी येईल तिला पुस्तक मिळेल, आवडो न आवडो. निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही. मी ते आमच्या मराठी वाचन मंडळात घेऊन आले.

मंडळ म्हणजे गावातल्या लष्कर, मुरार आणि हजीरा या वस्त्यांतली मिळून पंचविसेक घरं. कोणाचे पूर्वज फौजेबरोबर आलेले, कोणाचे दरबारात कारकुनीला. आता कोणी बँकेत आहे, कोणी कोचिंग चालवतं. बोलण्यात निम्मी हिंदी असते आणि मुलांच्या बोलण्यात तर मराठी मिठासारखी, चवीपुरती. तरी घरात एखादं नवं मराठी पुस्तक असावं असं सगळ्यांना वाटतं, पण ते इथे मिळत नाही. नई सडकवरच्या पुस्तकांच्या दुकानांत गाइडं आणि वह्या मिळतात. म्हणून आमची रीत अशी की ऑक्टोबरात मी नव्या कादंबऱ्या आणि कथासंग्रहांची एकेक प्रत पुण्याहून मागवते, दिवाळीनंतर महिनाभर वाचते आणि डिसेंबर लागला की मंडळाच्या ग्रुपवर यादी टाकते. कोणाला काय हवं ते लोक कळवतात, सगळ्यांची मिळून एकच मागणी जाते आणि खोकी माझ्या घरी येतात. मग मी एकेक पुस्तक कागदात बांधून, वर चिठ्ठी लावून घरोघर पोचवते. आमच्यात ख्रिस्ती एकही घर नाही, पण बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळच्या, सुट्टीत शाळा बंद असतात, बाहेरगावची मुलं घरी येतात आणि थंडी अशी असते की उन्हात बसून वाचण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही.

यादी मी नुसती नावांची करत नाही. कोणी कोणाला काय द्यावं हेही लिहिते, आणि त्यावरून माझी थट्टाही होते. तान्ह्या बाळाच्या आईला कादंबरी देऊ नका, चौथ्या पानावर मूल उठतं आणि मग ती बिचारी महिनाभर चौथ्याच पानावर असते. तिला कथा द्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या पुरुषाला जाडजूड कादंबरी द्या, म्हणजे तो स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं उघडून बघत नाही. ज्याच्या घरी वर्षभरात कोणी गेलं असेल त्याला विनोदी पुस्तक मुळीच देऊ नका. त्याला रडवणारं चालतं, हसवायला गेलं की तो चिडतो. यंदाच्या यादीत एका कोर्टातल्या टंकलेखिकेची कादंबरी होती, अडीचशे पानांत एकदाही न ओरडणारी. एका गावातल्या फोटो स्टुडिओभोवती फिरणाऱ्या कथा होत्या. त्यातल्या दोन कथा मला फुसक्या वाटल्या, आणि तसं मी यादीत लिहिलंही. कारण माझा एकच नियम आहे. शेवटचं पान वाचल्याशिवाय मी कोणतंही पुस्तक सुचवत नाही. लोक माझ्या शब्दावर पुस्तक घेतात, तेव्हा तो शब्द मी वाचून दिलेला असला पाहिजे.

यंदा मी तो नियम एकदाच मोडला, तोही मैत्रिणीसाठी.

ती बिर्लानगरात राहते. माझ्याच शाळेत प्राथमिकला शिकवायची. पंचवीस वर्षं आम्ही एकाच टेम्पोनं जा-ये केली, एकमेकींचे डबे खाल्ले, नवऱ्यांच्या आणि सासवांच्या तक्रारी केल्या. निवृत्तीनंतर ती लिहायला लागली. पाच-सात कथा मासिकांत आल्या, त्या मी वाचल्या होत्या आणि मला आवडल्याही होत्या. तिचा पहिला संग्रह निघणार हे कळलं तेव्हा तिच्याहून मलाच जास्त आनंद झाला. पण छापखान्यात उशीर झाला आणि ऑक्टोबरात पुस्तक आलंच नाही. मी म्हटलं, टाइप केलेली पानं दे, वाचून टाकते. तर म्हणाली, "छे गं, छपून आल्यावरच वाच. आधी वाचलीस तर सगळा मजा किरकिरा होईल. भरोसा नाही काय माझ्यावर?"

भरोसा होता. मी यादीत सगळ्यात वर तिचं पुस्तक घातलं आणि लिहिलं, 'आपल्यातल्या बाईनं मनापासून लिहिलेल्या कथा. घरातल्या प्रत्येकाला द्याव्यात अशा.' चौदा घरांनी ते मागवलं. एक प्रत मी इंदूरला माझ्या धाकट्या भावासाठी घेतली. खोकी आली ती एकवीस तारखेला. बांधायची घाई, पोचवायची घाई, त्यात मी ते उघडून पाहिलंसुद्धा नाही. भावाच्या प्रतीवर चिठ्ठी लावली, 'माझ्या मैत्रिणीचं आहे. आधी हेच वाच.' आणि कुरिअरला दिलं.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी मी आयुष्यात फक्त या मैत्रिणीला सांगितली होती.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत माझी आई गेली. आधीची सहा वर्षं ती माझ्याकडे होती, त्यातली शेवटची दोन अंथरुणात. भाऊ वर्षातून दोनदा यायचा, दोन दिवस राहायचा. त्या दोन दिवसांत आईच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते माझ्या वाट्याला सहा वर्षांत कधी आलं नाही. शेजारणींना हाक मारून सांगायची, माझा मुलगा आलाय. मी तिथेच उभी असायची, हातात तिचं ओलं पांघरूण घेऊन. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. आई तीन दिवस विचारत होती, "तो आला का?" मी म्हणत होते, निघालाय, धुक्यामुळे गाडी लेट आहे. आणि भाऊ फोन करायचा तेव्हा त्याला म्हणत होते, बरी आहे, तू घाई करू नकोस. मला तिचे शेवटचे दिवस माझ्या एकटीचे हवे होते. एवढंच कारण होतं, दुसरं कुठलंही नाही. तिनं त्याच्यासाठी गाजरहलव्याची वाटी झाकून ठेवायला लावली होती. ती गेली त्या दुपारी, लोक जमायच्या आधी, मी ती वाटी ओट्यापाशी उभ्यानं संपवली. भाऊ आला तेव्हा मला मिठी मारून म्हणाला, "धुक्यानं घात केला गं ताई." मी हो म्हटलं. इतकी वर्षं तो धुक्यालाच बोल लावत होता.

तेराव्यानंतर एका दुपारी हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं, कारण मला ते एकटीला पेलवत नव्हतं. ती माझा हात धरून बसली होती. कुठे बोलू नकोस, असं मी म्हटलं नाही. तसं म्हणायची गरज पडावी अशी ती मैत्रीच नव्हती.

पंचवीस तारखेला दुपारी मी गच्चीवर मटार सोलत होते. मंडळातल्या एका घरच्या सुनेचा फोन आला. "काकू, ती तिसरी गोष्ट वाचली ना तुम्ही? मतलब, क्या लिखा है! आई विचारते, मुलगा आला का, आणि मुलगी म्हणते, कोहरा है, गाडी लेट है. मी तर वाचता वाचता रोने लग गई. तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं, थँक्यू हं."

मी खाली जाऊन माझी प्रत उघडली. उभ्यानंच वाचली. गाव झाशी केलं होतं आणि मुलगी शाळेऐवजी पोस्टात होती. बाकी सगळं होतं. तीन दिवस, धुकं, ओलं पांघरूण, घाई करू नकोस, आणि ती वाटी. वाटी तर मी सांगितली होती त्याहून बारकाईनं होती, वर साय धरल्यासारखं झालेलं तूप आणि चमच्याचा आवाज. चांगलं लिहिलं होतं, हे सांगताना आजही जीव जळतो. आणि शेवटी तिनं आपल्या पदरचं घातलं होतं. वर्षभरानं बहीण भावाला खरं सांगते, भाऊ तिच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, मीही तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मी आधी इंदूरला फोन लावला. भावजयीनं उचलला. पार्सल मिळालं का, उघडू नका, चुकून दुसरंच गेलंय, असं काहीतरी मी बोलून गेले. ती हसून म्हणाली, "अहो ताई, परवाच मिळालं. हे सकाळपासून उन्हात तेच घेऊन बसलेत."

मग मी ई-रिक्षा करून बिर्लानगरला गेले. मैत्रीण दारातच भेटली, चेहरा फुललेला. तिला वाटलं मी अभिनंदन करायला आले. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

तिनं उघड्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाव कुठे आहे तुझं? मी तर सगळं बदललं. झाशी केलं."

"वाटी बदललीस?"

"ती कशी बदलणार? तीच तर गोष्ट आहे," ती म्हणाली. तिच्यातली लेखिका बोलत होती, आणि माझी मैत्रीण तिच्या आड कुठे गेली ते मला दिसेना. "आणि शेवटी माफ तर केलं ना मी तुला?"

"तू कोण माफ करणारी? माफ करणं माझ्या भावाचं होतं, तुझ्या बापाचं नव्हतं." असं मी तिच्याशी पंचवीस वर्षांत कधी बोलले नव्हते. "मला आधी का नाही दाखवलीस?"

ती खाली बघून म्हणाली, "दाखवली असती तर तू काढायला लावली असतीस."

म्हणजे तिला माहीत होतं. मजा किरकिरा होईल म्हणाली तेव्हाही माहीत होतं, मी यादीत तिला सगळ्यात वर घातलं तेव्हाही. मी घरोघरी जाऊन माझ्याच हातांनी ते वाटत होते तेव्हा ती घरी बसून ते होऊ देत होती. चहा टाकते, असं म्हणत ती आत वळली आणि मी तशीच निघाले. विश्वासघात हा शब्द मी मुलांना कितीदा वाक्यात उपयोग करायला दिला असेल. त्याचा अर्थ मला परतीच्या रिक्षात कळला.

खरं तर मी भावाशी जे केलं ते तिनं माझ्याशी केलं त्याहून वाईट होतं. एवढं मला कळतं, मी काही खुळी नाही. तरी राग तिचाच येत होता आणि अजून येतो. माझं पाप मी चार वर्षं सांभाळलं होतं. ते सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं, माझ्या तोंडानं, त्याच्यासमोर बसून. कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण ते ठरवणारी मी होते.

तीन दिवस मंडळाच्या ग्रुपवर कौतुक चालू होतं. तिसरी गोष्ट सगळ्यांची आवडती. कोणी लिहिलं, अशा मुली असतात, काय करणार. कोणी हात जोडले. माझ्या निवडीची वाखाणणी झाली, पुढच्या वर्षीच्या यादीची आतापासून वाट पाहतोय असंही एकानं लिहिलं. एकालाही शंका आली नाही. भावाकडून काहीच नव्हतं. फोन वाजला की मी आधी नाव बघायची, आणि नाही वाजला तरी उचलून बघायची.

अठ्ठावीसला सकाळी, मी केस पुसत असताना, त्याचा फोन आला.

"ताई, पुस्तक वाचलं."

"हं."

"बाकीच्या गोष्टी ठीकच आहेत. ती आईची गोष्ट चांगली लिहिलीय." तो खाकरला. "शेवट मात्र खोटा वाटला. तो भाऊ असा लगेच माफ करणार नाही गं."

गोष्टच तर आहे ती, एवढं म्हणायला मला एक क्षण पुरला असता. ओठांवर आलंही होतं.

"नाही करणार," मी म्हटलं.

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बारीक केला.

"तीन दिवस म्हणजे खरंच तीन?"

"हो."

"आणि ती विचारत होती."

"सारखी विचारत होती," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

फोन बंद झाला नाही. तो खाली ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. मी माझा फोन कानाला धरून उभी होते. मग तिकडचा फोन कोणीतरी उचलला, आणि भावजय घाबऱ्या आवाजात विचारू लागली, "ताई, काय झालं? तुम्ही काय सांगितलंत यांना?"